ॲल्युमिनियमवर अक्षरे कोरताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मिलिंग मशीनवर ॲल्युमिनियमच्या पाट्या, डायल आणि फिक्स्चर यांवर अक्षरे व आकडे कोरण्याबाबत वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळ्या गावांतून आणि वेगवेगळ्या मशीनवरून आलेले असले, तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे : कोरण्याच्या टूलचा खरा व्यास किती, याचा हिशेब न करता वेग (स्पिंडलचे मिनिटाला फेरे, म्हणजे आरपीएम) आणि फीड (कटर धातूवर मिनिटाला किती मिमी पुढे सरकतो ते) ठरवले जातात. म्हणून पहिल्या उत्तरात हा हिशेब सविस्तर मांडला आहे आणि पुढील उत्तरे त्याच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : आमच्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनचा) कमाल वेग ८,००० आरपीएम आहे. ६०६१-टी६ या कठीण केलेल्या ॲल्युमिनियमच्या फिक्स्चर प्लेटवर आम्ही ४ मिमी उंचीचे अनुक्रमांक ०.२ मिमी खोल कोरतो. कटर कार्बाइडचा, एका धारेचा, ६० अंशांचा आणि ०.२ मिमी टोकाचा आहे. सुरुवातीला ८,००० आरपीएम आणि मिनिटाला १५० मिमी फीड ठेवला होता. अधूनमधून टोक तुटत असे, म्हणून फीड तसाच ठेवून आरपीएम ३,००० वर आणले. आता टोक पूर्वीपेक्षा लवकर तुटते. योग्य वेग, फीड आणि कटर कोणता?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आरपीएम कमी केले की टूलवरचा ताण कमी होतो, ही समजूत मोठ्या ड्रिलच्या किंवा एंडमिलच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिथे ती पुष्कळ अंशी खरी असते. कोरण्याच्या कटरला ती लागू होत नाही. याचे कारण आपल्याच आकड्यांत आहे.

व्ही-कटरचा, म्हणजे टोकाकडे निमुळत्या कटरचा, शँक (पकडण्याचा दांडा) ६ मिमीचा असो वा ३ मिमीचा, कापण्याचे काम करतो तो केवळ टोकाजवळचा भाग. पृष्ठभागावर त्याचा व्यास किती, हे काढण्यासाठी टोकाच्या रुंदीत खोलीची दुप्पट गुणिले निम्म्या कोनाचा टॅन एवढे मिळवावे. आपला कोन ६० अंश, म्हणून निम्मा ३० अंश आणि त्याचा टॅन ०.५७७. खोली ०.२ मिमी असताना ०.२ अधिक ०.२३, म्हणजे साधारण ०.४३ मिमी एवढाच व्यास मिळतो. ८,००० आरपीएमला या व्यासावर कापण्याचा वेग, म्हणजे धार धातूवरून जाण्याचा वेग, मिनिटाला १०.८ मीटर पडतो आणि तळाशी, म्हणजे ०.२ मिमी व्यासावर, जेमतेम ५ मीटर. त्याच मशीनवर १० मिमीचा एंडमिल ८,००० आरपीएमला चालवला, तर त्याच्या धारेचा वेग मिनिटाला २५१ मीटर असतो आणि ॲल्युमिनियमसाठी कार्बाइडला तो मुळीच जास्त नाही. तेवढाच वेग आपल्या ०.४३ मिमी व्यासावर हवा असेल, तर स्पिंडल १,८५,००० आरपीएमच्या आसपास फिरवावा लागेल. तात्पर्य, कोरण्याच्या कामात वेग कधीच जास्त होत नाही, तो नेहमी कमीच पडतो. स्पिंडल चांगल्या स्थितीत असेल आणि कटर संतुलित असेल, तर आरपीएमबाबत विचार करण्यासारखे फारसे काही उरत नाही. मशीन जेवढे देते तेवढे सगळे घ्यावे.

आता फीड पाहू. एका धारेच्या कटरला एका फेऱ्यात जेवढे पुढे सरकावे लागते, तेवढी चिपची, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूच्या कपचीची, जाडी असते. ८,००० आरपीएमला मिनिटाला १५० मिमी, म्हणजे फेऱ्यामागे ०.०१९ मिमी. ही जाडी ०.२ मिमीच्या टोकाला थोडी जड आहे, म्हणूनच टोक अधूनमधून तुटत होते. आपण आरपीएम ३,००० केले आणि फीड तोच ठेवला, तेव्हा ती जाडी ०.०५ मिमी झाली. टोकाची त्रिज्याच ०.१ मिमी आहे. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात त्रिज्येच्या निम्म्याइतका घास टोकाला घ्यावा लागतो. टोक वाचवण्यासाठी जे केले, त्यानेच टोकावरचा भार अडीच पटींहून अधिक वाढला.

माझ्या मते आपल्या कामासाठी आरपीएम ८,००० आणि फेऱ्यामागे ०.००८ ते ०.०१२ मिमी ही मर्यादा धरून मिनिटाला ८० मिमी फीडने सुरुवात करावी. खोली एकाच वेळी न घेता पहिल्या फेरीत (पासमध्ये) ०.१५ आणि दुसऱ्या फेरीत ०.०५ मिमी घ्यावी, म्हणजे दुसरी फेरी कडा साफ करून जाते. सरळ खाली उतरण्याचा फीड २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त नको. कटरच्या अगदी मध्यबिंदूवर कापण्याचा वेग शून्य असतो. तिथे धातू कापला जात नाही, दाबला जातो आणि बरीच टोके याच क्षणी जातात. प्रोग्रॅममध्ये सोय असेल, तर कटर सरळ खाली न उतरवता अक्षराच्या रेघेवरूनच दीड-दोन मिलिमीटर अंतरात तिरका उतरवावा.

फीड फार कमी करणे हेही तेवढेच घातक आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. टोक तुटते म्हणून घाबरून २० मिमी फीड ठेवला, तर फेऱ्यामागे ०.००२५ मिमी पडतात. धारेला स्वतःची एक बारीक गोलाई असते. चिपची जाडी त्या गोलाईहून कमी झाली, की धार धातूत शिरत नाही, त्यावरून घासत जाते. घासण्याने उष्णता होते, ॲल्युमिनियम धारेवर चिकटते आणि चिकटलेला गोळा सुटताना कधी कधी धारेचा कणही घेऊन जातो.

वेग आणि फीड बरोबर असूनही टोके तुटत असतील, तर रनआउट, म्हणजे फिरताना कटर मध्यापासून किती हलतो ते, पाहावा. अनेक कारखान्यांत ही तपासणी एंडमिलसाठी होते, कोरण्याच्या कटरसाठी होत नाही, आणि खरे तर तिची गरज इथेच सर्वांत जास्त असते. कोलेटच्या (कटर पकडणाऱ्या चिरा असलेल्या नळीच्या) तोंडाशी, शँकवर ०.००२ मिमी वाचणारा लिव्हर डायल लावून स्पिंडल हाताने फिरवावा. डायलने ०.०२ मिमी दाखवले, तर कटरचा मध्य स्पिंडलच्या मध्यापासून ०.०१ मिमी सरकलेला आहे. १० मिमीच्या एंडमिलला ते जाणवणारही नाही, पण ०.१ मिमी त्रिज्येच्या टोकाला तो दहा टक्के फरक आहे. अशा अर्ध्या गोलाच्या, म्हणजे गोल कांडी निम्मी घासून केलेल्या, कटरची सपाट बाजू बरोबर मध्यरेषेवर असावी लागते. ती सरकली, की धारेमागचा भाग धातूवर टेकू लागतो आणि टोक कापण्याऐवजी रगडते. अशा वेळी कोलेट, नट आणि होल्डरचे तोंड पुसून घ्यावे, कटर कोलेटमध्ये पाव फेरा फिरवून पुन्हा पकडावा आणि पुन्हा वाचन घ्यावे. ०.००५ मिमीच्या आत येईपर्यंत हे करणे फायद्याचे आहे.

बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ कटरचा शँक ३ मिमीचा नसून ३.१७५ मिमीचा, म्हणजे पाव इंचाच्या निम्मा असतो. तो ३ मिमीच्या कोलेटमध्ये दाबून बसवू नये. त्यासाठी ३.१७५ मिमीचाच कोलेट घ्यावा. ४ ते ३ मिमी पकडणाऱ्या ईआर कोलेटमध्ये तो बसतो, परंतु त्या कोलेटला बरेच आवळावे लागते आणि अचूकता कमी होते.

कटर बदलायचा असल्यास टोक ०.२ ऐवजी ०.३ मिमीचे घ्यावे. अक्षराच्या उंचीच्या दहाव्या भागाइतकी रेघ डोळ्याला चांगली वाचता येते, म्हणजे ४ मिमी अक्षराला ०.४ मिमी. ०.३ मिमी टोक आणि ०.१ मिमी खोली यांनी ६० अंशांत ०.४२ मिमीची रेघ मिळते. खोली निम्मी झाली, टोक दीडपट जाड झाले आणि अक्षर दिसायला तेवढेच राहिले. अनुक्रमांकात रंग भरायचा नसेल, तर अधिक खोल जाण्याचे काही कारण नाही.

असे काम रोजचे असेल, तर २४,००० आरपीएमचा छोटा हाय-स्पीड स्पिंडल किंवा स्पिंडलवर बसणारा स्पीडर (वेग वाढवणारा जोड) यांचा विचार जरूर करावा. चिपची जाडी तीच, ०.०१ मिमी, ठेवून फीड मिनिटाला २४० मिमीपर्यंत जातो, म्हणजे त्याच टोकाने तिप्पट काम होते.

प्रश्न : आमच्याकडे सीएनसी नाही. एम१टीआर प्रकारचे टरेट मिल आहे, कमाल वेग २,८०० आरपीएम. ॲल्युमिनियमच्या डायलवर रेघा आणि थोडे आकडे कोरायचे आहेत. काही डायल एलएम६ च्या ओतीव कामाचे आहेत. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) वापरावे की कार्बाइड? कटर स्वतः घासून करता येईल का?
— एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : करता येईल आणि जरूर करावा. २,८०० आरपीएमला ९० अंशांच्या, ०.३ मिमी टोकाच्या कटरने ०.१५ मिमी खोल गेल्यास पृष्ठभागावर ०.६ मिमी व्यास मिळतो आणि वेग मिनिटाला ५.३ मीटर. ॲल्युमिनियमवर एचएसएस याच्या कितीतरी पट वेग सहज सोसते. कार्बाइडचा मुख्य गुण उष्णता सोसण्याचा, आणि इथे उष्णताच नाही. उलट एचएसएसला अधिक तीक्ष्ण धार देता येते आणि ते कार्बाइडसारखे ठिसूळ नसते. हाताने टेबल फिरवताना फीड कधीच एकसारखा राहत नाही, एखादा झटका बसतोच, आणि तो झटका एचएसएस पचवते. म्हणून घडीव आणि एक्स्ट्रुजनच्या ॲल्युमिनियमसाठी, म्हणजे बाजारात एचई-३० किंवा एचई-९ म्हणून मिळणाऱ्या मालासाठी, आपल्या मशीनवर मी एचएसएसच सुचवेन.

एलएम६ ची गोष्ट निराळी आहे. त्यात १० ते १३ टक्के सिलिकॉन असते आणि सिलिकॉनचे कठीण कण एचएसएसची धार लवकर घालवतात. तिथे सूक्ष्म कणांच्या कार्बाइडचा कटर घ्यावा आणि टोक ०.३ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये.

कटर घासण्याची पद्धत अशी. ६ मिमी एचएसएसची गोल कांडी घ्यावी. टूल अँड कटर ग्राइंडरवर, डेकेल पद्धतीच्या सिंगल-लिप ग्राइंडरवर असल्यास उत्तमच, प्रथम एक बाजू सपाट घासून जाडी ३.१ मिमीपर्यंत आणावी. नंतर पाहिजे त्या कोनाचा शंकू घासावा. त्यानंतर धारेमागचा भाग उतरता करावा. ॲल्युमिनियमसाठी हा उतार पोलादासाठी ठेवतो त्यापेक्षा जास्त, २० अंशांच्या आसपास असावा. शेवटी सपाट बाजू पुन्हा अगदी हलक्या हाताने घासून मायक्रोमीटरने ३.०० मिमीवर आणावी. हे शेवटचे मोजमाप म्हणजे या कटरचा प्राण आहे. जाडी ३.०५ राहिली, तर टोकाचा मध्य कापत नाही, रेघेच्या तळाशी घासल्याची चकाकी दिसते आणि दोन्ही बाजूंना धातू उचलला जातो. जाडी २.९५ झाली, तर टोक अशक्त होते आणि रेघ ठरलेल्या मापाची येत नाही. टोकाला रुंदी द्यायची ती सर्वांत शेवटी, बारीक तेलाच्या दगडावर एक-दोन हलके हात मारून. सपाट बाजूही त्याच दगडावर आरशासारखी करावी. ॲल्युमिनियम खडबडीत धारेला चिकटते, गुळगुळीत धारेवरून निसटते.

फीडसाठी फेऱ्यामागे ०.०१५ मिमी धरल्यास मिनिटाला सुमारे ४० मिमी येतात. टेबलाचा स्क्रू ५ मिमी पिचचा असेल, तर एका मिनिटात हँडलचे आठ फेरे. घड्याळ समोर ठेवून एकदा हात बसवला, की पुढे घड्याळ लागत नाही.

डायलवरच्या रेघांसाठी मात्र फिरणाऱ्या कटरचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्पिंडल लॉक करून त्यात ६० अंशांचे टोकदार एचएसएस टूल पकडावे, त्याचा चेहरा रेघेच्या दिशेला काटकोनात ठेवावा आणि शेपिंग मशीनवर करतो तसे टेबल हलवून रेघ ओढावी. एका ओढीत ०.०५ मिमी, अशा तीन ओढींत ०.१५ मिमी खोलीची स्वच्छ, सारख्या रुंदीची रेघ मिळते. इथे आरपीएमचा प्रश्नच उरत नाही. परतीच्या वेळी टूल वर उचलावे, अन्यथा धार मागून घासली जाते. डायल डिव्हायडिंग हेडवर (जॉब ठरावीक भागांत फिरवणाऱ्या उपकरणावर) धरला असेल आणि हेडचे प्रमाण ४० ला १ असेल, तर १०० भागांसाठी प्रत्येक वेळी दोन पंचमांश फेरा लागतो, म्हणजे २० भोकांच्या वर्तुळावर ८ भोके. लहान, मध्यम आणि मोठ्या रेघांच्या लांबीसाठी टेबलाचे स्टॉप लावून घ्यावेत. प्रथम सर्व लहान रेघा, मग प्रत्येक पाचवी आणि मग प्रत्येक दहावी लांब करत जाणे हे दर रेघेला स्टॉप बदलण्यापेक्षा बिनचूक ठरते. आकडे तेवढे फिरणाऱ्या कटरने किंवा पँटोग्राफवर कोरावेत.

प्रश्न : कंट्रोल पॅनेलसाठी १.५ मिमी जाडीच्या काळ्या अॅनोडाइज्ड पत्र्यावर अक्षरे कोरतो. ९० अंशांचा, ०.१ मिमी टोकाचा कटर, खोली ०.१५ मिमी. पत्र्याच्या एका कोपऱ्यात अक्षरे जाड येतात, दुसऱ्या कोपऱ्यात अगदी बारीक. पत्रा डायलने तपासला, ०.१२ मिमी फरक आहे. पत्रा इतका सपाट कुठून आणावा?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : पत्रा आणखी सपाट मिळवण्याच्या मागे लागू नये. १.५ मिमी पत्र्यात ०.१२ मिमी फरक ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. बदल कटरमध्ये करावा.

झीरो, म्हणजे जिथून खोली मोजली जाते ती पातळी, मधल्या उंचीवर घेतला आहे असे धरू. मग खोली काही ठिकाणी ०.२१ मिमी होते आणि काही ठिकाणी ०.०९ मिमी. आपल्या ९० अंशांच्या कटरने रेघेची रुंदी ०.५२ पासून ०.२८ मिमीपर्यंत बदलते, जवळजवळ दुप्पट. तेच काम ६० अंशांच्या, ०.२ मिमी टोकाच्या कटरने केले, तर रुंदी ०.४४ ते ०.३० मिमी राहील. ३० अंशांचा, ०.३ मिमी टोकाचा कटर घेतला, तर ०.४१ ते ०.३५ मिमी, आणि एवढा फरक हाताच्या अंतरावरून पॅनेल वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तिन्ही कटरची मधली रुंदी ०.४ मिमीच्या आसपासच आहे. पत्रा तोच, मशीन तेच, केवळ कोन अरुंद आणि टोक रुंद केले. अरुंद कोनाचा कटर बाजूने अशक्त असतो, ही शंका योग्य आहे, परंतु ०.१५ मिमी खोलीला ०.३ मिमी टोक पुरेसे दणकट आहे.

याशिवाय पत्रा पकडण्याची पद्धत सुधारावी. कडांना क्लॅम्प लावल्यास मधला भाग फुगतो. खाली मशीनवरच फेसिंग केलेली जाड ॲल्युमिनियमची किंवा एमडीएफची प्लेट ठेवून पत्रा पातळ दुहेरी चिकटपट्टीने किंवा व्हॅक्युमने संपूर्ण पृष्ठभागावर धरावा. पॅनेल मोठे असल्यास त्याचे चार किंवा सहा भाग पाडून प्रत्येक भागाचा झेड झीरो वेगळा घ्यावा. त्यासाठी जी५४ ते जी५९ हे सहा ऑफसेट (साठवलेले शून्यबिंदू) कंट्रोलमध्ये असतातच. स्प्रिंग असलेला, पुढे टेकणारे नाक असलेला कोरण्याचा होल्डरही मिळतो. त्याचे नाक पत्र्यावर टेकत चालते आणि खोली नाकापासून मोजली जाते, त्यामुळे पत्र्याच्या चढ-उताराचा प्रश्न संपतो. नाकाचे ओरखडे मात्र काळ्या पृष्ठभागावर उठून दिसतात. पत्र्यावरची संरक्षक फिल्म न काढता तिच्यावरूनच कोरावे.

अॅनोडायझिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा थर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो, म्हणजे ज्या रसायनाची ग्राइंडिंग व्हील बनतात त्याच रसायनाचा. साधा रंगीत थर ५ ते २५ मायक्रॉन जाड असतो, हार्ड अॅनोडायझिंगचा त्याहून जाड. एचएसएस इथे वापरू नये, आणि कार्बाइडची धारही उघड्या ॲल्युमिनियमच्या मानाने लवकर जाते. पॅनेलवर केवळ चकाकती रेघ हवी असेल आणि रंग भरायचा नसेल, तर हिऱ्याच्या टोकाचे स्प्रिंगचे टूल सर्वांत चांगले. स्पिंडल बंद ठेवून ते पत्र्यावरून ओढले जाते, आरपीएमवर काहीही अवलंबून नसते, फीड मिनिटाला १,००० मिमीहून अधिक ठेवता येतो आणि स्प्रिंगमुळे पत्र्याचा चढ-उतार आपोआप सांभाळला जातो. प्रोग्रॅममधून एम०३ (स्पिंडल सुरू करण्याची आज्ञा) काढून टाकल्याची खात्री आधी करावी. रेघ काही शतांश मिलिमीटरच खोल असल्याने तिच्यात रंग टिकत नाही, ही त्याची मर्यादा.

आधी कोरून नंतर अॅनोडाइज करण्याचा पर्याय असेल, तर अक्षरात रंग भरण्यासाठी तो उत्तम, कारण कोरलेल्या भागालाही संरक्षण मिळते. अॅनोडायझिंगपूर्वी कॉस्टिकच्या धुण्यात थोडा धातू निघून जातो आणि अगदी बारीक रेघांच्या कडा बोथट होतात, म्हणून अशा कामात ०.३ मिमीपेक्षा बारीक रेघ ठेवू नये.

प्रश्न : ॲल्युमिनियमसाठी कोटिंगचा कटर घ्यावा का? विक्रेता टायटॅनियमचे कोटिंग सर्वांत टिकाऊ असे सांगतो.
— एक वाचक, वेर्णे, गोवा

उत्तर : कोरण्यासाठी कोटिंग नसलेला, पॉलिश केलेला कार्बाइड घ्यावा. कोणतेही कोटिंग धारेवर एक थर चढवते आणि धार तेवढी गोल करते. ०.०१ मिमी चिप घेणाऱ्या टोकाला हा तोटा आहे. पोलादासाठी लोकप्रिय असलेली टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडची कोटिंग ॲल्युमिनियमसाठी टाळावीत, कारण कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम असल्याने जॉबचा धातू त्यांना अधिक चिकटतो. डीएलसी (हिऱ्यासारखा कार्बन), झिर्कोनियम नायट्राइड आणि टायटॅनियम डायबोराइड ही ॲल्युमिनियमला चालणारी कोटिंग आहेत आणि मोठ्या एंडमिलवर त्यांचा उपयोगही होतो. रंगावरून कोटिंग ओळखू नये. टायटॅनियम नायट्राइड आणि झिर्कोनियम नायट्राइड दोन्ही सोनेरी दिसतात. डब्यावरचे नाव वाचून घ्यावे.

प्रश्न : शुद्ध ॲल्युमिनियमच्या नरम पत्र्यावर नावाच्या पाट्या करतो. अक्षरांच्या कडांना इतकी बर (उचललेल्या धातूची धारदार किनार) येते, की कोरण्यापेक्षा ती काढण्यात जास्त वेळ जातो. रॉकेल वापरतो, तरी फरक नाही. वेग वाढवावा का?
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : वेग वाढवता येत असेल तर वाढवावाच, पण आपली अडचण मुख्यतः मालाची आहे. ॲनील केलेले, म्हणजे तापवून नरम केलेले, शुद्ध ॲल्युमिनियम कापले जाण्याऐवजी बाजूला ढकलले जाते आणि तीच बर होते. त्याच जातीचा पत्रा एच१४ या कठीण केलेल्या अवस्थेत मागवावा, किंमत जवळजवळ तीच असते. पाटी जाड असेल, तर ६०६१-टी६ घ्यावा. माल बदलल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा कोणत्याही टूलने पडत नाही.

माल बदलणे शक्य नसेल, तर धारेकडे लक्ष द्यावे. नरम ॲल्युमिनियमला बोथट धार अजिबात चालत नाही. कटर दहापट भिंगाखाली, दिव्याच्या उजेडात हळूहळू फिरवून पाहावा. चांगली असलेली धार डोळ्यांना दिसतच नाही, कारण तिथे दोन पृष्ठभाग केवळ एकमेकांना भेटतात. धारेवर पांढरी चकाकती रेघ दिसली, तर ती धारेची झिजलेली गोलाई आहे आणि कटर पुन्हा घासायला हवा. करडे, चिकटलेले ॲल्युमिनियम दिसले, तर ते पितळेच्या पट्टीने सोडवावे, पोलादी टोकाने खरवडू नये. कॉस्टिकच्या सौम्य द्रावणात कार्बाइडचा कटर थोडा वेळ बुडवला, तरी ते विरघळून निघते. त्यात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम हातमोजे व चष्मा घालून, मोकळ्या हवेत आणि जाळापासून दूर करावे.

रॉकेल ॲल्युमिनियमसाठी चांगलेच आहे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. ते कटरच्या टोकाशी सतत पोहोचत नसेल, तर मात्र उपयोग होत नाही. अक्षर सुरू करण्यापूर्वी एकदा ब्रश फिरवून भागत नाही. थेंब-थेंब पडत राहील अशी बाटली लावावी. रॉकेलचा फवारा उडवू नये. हवेत पसरलेले त्याचे बारीक कण श्वासाला आणि आगीला दोन्हींना वाईट. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल त्या जागेजवळ तर ते वापरूच नये. त्यापेक्षा विरघळणारे कटिंग ऑइल पाण्यात नेहमीपेक्षा थोडे घट्ट कालवून वापरलेले बरे. ॲल्युमिनियमच्या बारीक भुकटीला आग लागल्यास तिच्यावर पाणी टाकू नये. कोरडी वाळू हाताशी ठेवावी.

बर उरलीच, तर काढण्याची पद्धत बदलावी. जाड पाटीला अक्षरे ठरलेल्या खोलीपेक्षा ०.०५ मिमी जास्त कोरावीत, मग तीक्ष्ण फेस मिलने पृष्ठभागावरून ०.०५ मिमीची हलकी फेसिंग घ्यावी आणि जॉब न सोडता तोच कोरण्याचा प्रोग्रॅम त्याच झेडवर पुन्हा एकदा चालवावा. फेसिंगने बाहेरची बर जाते, अक्षरात दुमडलेली बर शेवटच्या फेरीत निघते. यासाठी एका पाटीमागे लागणारा जास्तीचा वेळ हाताने कानस लावण्यापेक्षा कमीच असतो आणि अक्षरांच्या कडा कुठेही गोल होत नाहीत.

पातळ पत्र्याला फेसिंग घेता येत नाही. तिथे ६०० नंबरचा पाणकागद सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा आणि रॉकेलचा ओलावा देऊन एकाच दिशेने हलके हात मारावेत. ठोकळ्याशिवाय बोटाने घासल्यास बोट अक्षरात उतरते आणि कडा मोडते. रंग भरायचा असेल, तर रेघ ०.२५ मिमी खोल आणि तळ सपाट असू द्यावा. असा तळ देण्यासाठी ०.३ मिमी टोकाचा कटर लागतो, सुईसारख्या टोकाच्या कटरने झालेल्या खाचेत रंग धरत नाही. पाणकागदाचे काम रंग भरून तो पूर्ण वाळल्यावर केले, तर सांडलेला रंग आणि उरलेली बर एकाच वेळी निघतात.